सूर्य (पिता या नात्याने)

सूर्य : पुराणांतील देव आणि बऱ्याच अपत्यांचा बाप. उगवण्या-मावळण्यात वेळेचा पक्का. घरच्या कारभारात मात्र त्याचे लक्ष कधीच नव्हते. ग्रीकांचा हेलिऑस याच वळणाचा. मागशील ते देईन, असा शब्द मुलाला देऊन बसला. फेथॉनने एक दिवसासाठी सूर्यरथ मागितला, पण तो त्याला आवरेना. पृथ्वी होरपळू लागली तेव्हा झ्यूसने वज्र टाकले आणि पोर जिवानिशी गेले.

आपल्याकडची हकिगत अधिक मजेदार आहे. तेज सोसेना म्हणून विश्वकर्म्याची मुलगी संज्ञा आपल्या जागी छायेला ठेवून निघून गेली. बायको बदलल्याचा नवऱ्याला पत्ताच नाही! छायेपासून सावर्णी मनू, शनी, तपती अशी मुलेही झाली. एकदा तिने संज्ञेच्या मुलाला, यमाला, तुझा पाय गळून पडेल, असा शाप दिला. सख्खी आई असे बोलेल कशी, ही शंका सूर्याला तेव्हा कुठे आली. पुढे सासऱ्यानेच जावयाला चक्रावर चढवून त्याचे तेज तासले आणि त्यातून विष्णूचे चक्र, शिवाचा त्रिशूळ घडवला.

मुलांपैकी यमाकडे मृत्यूचे खाते, शनीकडे साडेसातीचे. कर्णाला जन्मतः कवचकुंडले मिळाली, पण वाढवले अधिरथ-राधेने. इंद्र ती कवचकुंडले मागायला येणार, एवढे सांगायला बाप स्वप्नात आला. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) या बापलेकांचे नाते भक्तीचे झाले आहे, मूळ कथेतला बाप इतका जवळचा वाटत नाही.

पुराणांबाहेर, नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा भागात सूर्य दिसतो तो आदिवासींच्या वाघदेवावर. लाकडावर वर सूर्य-चंद्र, खाली वाघ आणि नाग कोरलेले, अंगभर शेंदूर. वाघबारसेला त्याची पूजा होते. इथे त्याला ना बायको, ना पोरे.

लेकीचा संबंध मात्र येतो. तपती म्हणजेच तापी नदी. सुरगाण्यातून वाहणाऱ्या नार-पार नद्यांचे पाणी गुजरातकडे जाते. राज्याने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या नार-पार-गिरणा योजनेत ते गिरणेत सोडायचे आहे, आणि गिरणा जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. धरणांत जमिनी जातील या धास्तीने इथल्या आदिवासींमधून योजनेला विरोध होत आला आहे.