अभिज्ञानाची वस्तू आणि शोकात्मिका : वऱ्हाडातील दोन गुरुशिष्य

शोकात्मिकेच्या अध्यापनात प्रतीकांची यादी करण्याची एक रीत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. ऑथेल्लोमधील हातरुमाल म्हणजे निष्ठा, मॅक्बेथमधील रक्त म्हणजे अपराध, लिअरमधील वादळ म्हणजे मनाचा क्षोभ, आणि ‘एकच प्याला’मधील प्याला म्हणजे अर्थातच व्यसन. ही समीकरणे चुकीची आहेत असे नाही. पण ती एकदा मांडली की वाचन थांबते आणि उत्तरपत्रिका सुरू होते. वस्तूचा ‘अर्थ’ सांगितला गेला तरी ती वस्तू नाटकात कोणते काम करते, कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते आणि त्या प्रवासात तिचे काम कसे पालटते, हा प्रश्न शिल्लकच राहतो. मराठीच्या बाबतीत तर हा प्रश्न ऐतिहासिकही आहे. मराठी प्रेक्षक शोकात्मिकेकडे वळला तेव्हा रंगभूमीवरील वस्तूकडे पाहण्याची एक निराळी सवय त्याच्या डोळ्यांना आधीच जडलेली होती.

ती सवय शाकुंतलाच्या अंगठीने लावलेली होती. किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले, पण त्याआधीच भाषांतरांतून ती अंगठी सुशिक्षितांच्या परिचयाची झाली होती. अंगठी हरवते म्हणून ओळख हरवते. ती सापडते म्हणून स्मृती परतते, आणि स्मृतीबरोबर पत्नी व पुत्रही परततात. नाटकाच्या नावातच ‘अभिज्ञान’ आहे. वस्तू खरे बोलते, उशिरा का होईना पण बोलतेच, असा हा नाट्यसंकेत आहे. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्राच्या सोळाव्या प्रकरणात खुणांवरून होणाऱ्या अभिज्ञानाला सर्वांत कमी कलात्मक ठरविले. घटनाक्रमातूनच उद्भवणारे, ईडिपसला होते तसे अभिज्ञान त्याच्या मते श्रेष्ठ. त्याचा निवाडा बाजूला ठेवला तरी त्याने सुचविलेला भेद कामाचा आहे. दुष्यंताला झालेली ओळख त्याचे घर उभे करते. ईडिपसला झालेली ओळख त्याचे घर पाडते. ओळख एकच, तिचे फळ मात्र उलटे.

संस्कृत नाट्यपरंपरेत शोकान्त नव्हता असे सरसकट म्हटले जाते. भासाचे ‘ऊरुभंग’ १९१२ साली त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध झाल्यावर त्या विधानाला मुरड घालावी लागली. पण एकोणिसाव्या शतकातील मराठी नाटककारांपुढे ते नाटक नव्हते. तरीही विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ साली ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक नायकाच्या मृत्यूने आणि रमाबाईंच्या सहगमनाने संपविले. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ त्यानंतर सहा वर्षांनी, म्हणजे १८६७ साली आला. तेव्हा दुःखद शेवट ही केवळ इंग्रजीतून आलेली आयात नव्हे. नवे होते ते खोटे बोलणाऱ्या वस्तूचे तंत्र. डेस्डिमोनाचा रुमाल कॅसिओच्या हातात दिसतो आणि ऑथेल्लो त्याला पुरावा मानतो. अंगठीवर विश्वास ठेवायला शिकलेल्या प्रेक्षकाला येथे प्रथमच असे दिसते, की खूण खरी असूनही तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा असू शकतो.

या संक्रमणाचे दोन टप्पे वऱ्हाडात पाहावयास मिळतात, आणि दोन्ही ठिकाणी एक गुरू व एक शिष्य आहे.

पहिली जोडी अकोल्याची. विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी ‘सिंबेलिन’चे ‘तारा’ (१८७९) आणि ‘विंटर्स टेल’चे ‘मोहविलसित’ (१८८१) असे मराठी अवतार केले. ही निवड सहज डोळ्यांआड होते; पण ती पाहण्यासारखी आहे. दोन्ही नाटके पत्नीवरील अकारण संशयाची आहेत. ‘सिंबेलिन’मध्ये तर चोरलेले कंकण व्यभिचाराचा पुरावा म्हणून नवऱ्यापुढे ठेवले जाते, म्हणजे ते ऑथेल्लोच्या रुमालाचेच भावंड आहे. फरक एवढाच की येथे शेवटी सत्य उघड होते, कंकणाचा खोटेपणा कळतो आणि मोडलेला संसार पुन्हा जुळतो. ‘विंटर्स टेल’मध्ये टाकून दिलेल्या मुलीबरोबरच्या खुणांवरून तिची ओळख पटते. महाजनींनी शेक्सपिअर घेतला, पण शाकुंतलाच्या अंगठीजवळ राहणारा शेक्सपिअर घेतला. याला भीरुता म्हणणे अन्यायाचे होईल. परक्या नाटककाराला आपल्या प्रेक्षकाच्या ओळखीच्या दारातून आत आणण्याची ही रीत होती.

गोपाळ गणेश आगरकर हे अकोल्याच्या शाळेतील महाजनींचे विद्यार्थी. डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली काढलेल्या एकशे एक दिवसांशी ज्याचे नाव जोडले जाते ते आगरकरांचे ‘हॅम्लेट’चे भाषांतर १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. शीर्षकाचा उत्तरार्ध गुरूच्या नाटकातला, पूर्वार्ध मात्र बदललेला. हे जाणीवपूर्वक झाले की नाही हा प्रश्न गौण आहे. शब्दांतील अंतर मात्र खरे आहे. मोह म्हणजे झाकोळ. तो ओसरतो आणि माणूस पूर्ववत होतो. विकार माणसाच्या आत घडतो आणि त्याला बदलूनच थांबतो. ‘मोहविलसित’मधील राजाला सोळा वर्षांनी का होईना पत्नी परत मिळते. ‘विकारविलसित’च्या शेवटच्या अंकात विषाचा प्याला ज्याच्यासाठी भरलेला असतो त्याच्याऐवजी राणीच्या ओठी जातो. तो प्याला कसलीही ओळख पटवून देत नाही, काहीही परत करीत नाही. गणपतराव जोशी यांच्या हॅम्लेटमुळे हा शेवट शाहूनगरवासी मंडळीच्या प्रेक्षकांच्या पिढीला तोंडपाठ झाला होता. रंगभूमीवरचा प्याला पुढे पुन्हा भेटतो तेव्हा ही स्मृती प्रेक्षकाजवळ असते.

दुसरी जोडी अधिक परिचित आहे, आणि तिचे एक टोक बुलढाणा जिल्ह्यात आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली केली. ‘सुदाम्याचे पोहे’च्या या लेखकाने मराठी नाटकाला पुराणकथेपासून सोडवून कल्पित कथानकाकडे नेले. त्या कथानकांचा प्राण रहस्यात असतो. ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘जन्मरहस्य’ ही शीर्षकेच पाहावीत: मौन, लपवून ठेवलेली पेटी, जन्माचे गुपित. काहीतरी झाकलेले असते, ते उघडते, आणि उघडल्याने सर्वांचे भले होते. सुधारकी विचार आणि रहस्यप्रधान रचना यांचा येथे आतून मेळ आहे. अज्ञान दूर झाले की दुःख दूर होईल ही सुधारकाची श्रद्धा. गुपित फुटले की गाठ सुटेल ही कोल्हटकरी कथानकाची श्रद्धा. ‘मूकनायक’मध्ये मद्यपानाचा विषयही आहे, आणि तो या श्रद्धेच्या चौकटीतच हाताळलेला आहे. दारू हा दोष आहे, दोष दाखवता येतो, म्हणून तो सुधारता येतो.

राम गणेश गडकरी स्वतःला कोल्हटकरांचे शिष्य म्हणवीत. बाळकराम या नावाने लिहिलेल्या विनोदी लेखनात त्यांनी गुरूची पात्रेसुद्धा उचलली. गुरूच्या नाटकातील मद्याचा विषयही त्यांनी उचलला, पण त्याची श्रद्धा नाकारली. हा नकार एका ठोक्यात आलेला नाही. ‘प्रेमसंन्यास’चा शेवट दुःखाचा, तर त्यानंतरचे ‘पुण्यप्रभाव’ सुखान्त. ‘भावबंधन’वर तर कोल्हटकरी रचनेची छाया उघड आहे. तेव्हा गुरूकडून शिष्याकडे जाताना सुखात्मिकेची शोकात्मिका होते असा नियम दोन जोड्यांवरून काढणे धाडसाचे ठरेल. ‘एकच प्याला’पुरते मात्र हे अंतर स्पष्ट दिसते, आणि ते वस्तूच्या वापरात दिसते.

या नाटकात रहस्य जवळजवळ नाही. सुधाकर पितो हे सर्वांना ठाऊक आहे, स्वतः सुधाकरालाही. त्याच्या पहिल्या घोटामागचे कारणही लपलेले नाही. न्यायालयातील मानी वर्तनामुळे वकिलीची सनद काही काळ रद्द होते, अपमान सहन होत नाही, आणि तळीराम त्यावर उपाय म्हणून फक्त एक प्याला सुचवतो. ज्ञान पहिल्यापासून उपलब्ध आहे, आणि ते निरुपयोगी आहे. रामलाल उपदेश करतो, पद्माकर मदत देऊ करतो, सुधाकर स्वतः आपल्या अधःपाताचे विश्लेषण कोणाही समीक्षकापेक्षा नेमके करतो. गुप्तमंजूषेत उघडण्यासारखे काहीतरी असते. प्याला उघडाच असतो.

म्हणून ‘प्याला म्हणजे व्यसन’ हे समीकरण तोकडे पडते. शीर्षकातील भार ‘प्याला’वर जितका आहे तितकाच ‘एकच’वर आहे. ‘एकच’ ही मोजदाद आहे, आणि नाटकभर ती खोटी मोजदाद आहे. प्रत्येक प्याला पिणाऱ्याच्या लेखी एकच असतो, कारण आधीचा संपलेला असतो आणि पुढचा अजून भरलेला नसतो. अंगठी एकदा हरवते, एकदा सापडते; तिला आरंभ आणि अंत आहे. प्याला रिता होतो, भरतो, पुन्हा रिता होतो. सुधाकर मध्यंतरी शपथ घेतो, दारू सोडतो, नोकरी शोधत फिरतो. समाज त्याला उभे करून घेत नाही, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. हे कथानकातले वळण आहेच, शिवाय प्याल्याच्या स्वभावाचेही दर्शन आहे: पुन्हा भरता येणे. शेवटी सुधाकर मद्यात विष मिसळून पितो, तेव्हा ती मोजदाद पहिल्यांदा खरी ठरते. हाच काय तो खरोखरीचा एकच प्याला. शब्द तोच, पण त्याचा अर्थ नाटकाने पाच अंकांत घडवून आणला आहे. प्रतीक हे नाटकाला बाहेरून चिकटवलेले लेबल नसून कृतीतून हळूहळू साठणारा अर्थ असतो, याचे मराठीतील इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

‘एकच प्याला’ हे मद्यपाननिषेधाचे प्रचारनाटक आहे, शोकात्मिका नव्हे, असा आक्षेप वारंवार घेतला गेला. त्याचे उत्तर रामलालच्या उपकथानकात आहे. रामलाल दारू पीत नाही. तो विवेकी, परोपकारी, सुधाकराच्या विधवा बहिणीचा, शरदचा, हितचिंतक. तरी तिच्याविषयी त्याच्या मनात अभिलाषा जागते आणि पालकाचा पुरुष होतो. त्याच्यापुरता ‘एकच’चा मोह दारूविनाच उभा राहतो. नाटकाचे आशयसूत्र मद्य एवढेच असते तर रामलालला या परीक्षेत घालण्याचे कारण नव्हते. हे उपकथानक रचनेच्या दृष्टीने सैल आहे, त्यातील संवाद लांबलेले आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण ते गाळल्यास नाटक खरोखरच प्रचाराच्या पातळीवर उतरते.

प्याल्याच्या समोर गडकऱ्यांनी दुसरी एक वस्तू ठेवली आहे. अभ्यासकांचे तिच्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. ती म्हणजे सिंधूचे जाते. भावाची मदत नाकारून सिंधू लोकांचे दळण दळते. येथे वाचनाची जागा महत्त्वाची ठरते. शेगावहून जळगाव जामोदकडे जाणाऱ्या रस्त्यावर संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल आहे. कोल्हटकरांच्या वकिलीच्या गावाचा हा शेजार. अशा गावातील वाचकाला ऑथेल्लोच्या रुमालाचे मोल टीपेतून समजून घ्यावे लागते. दुसऱ्याचे दळण दळणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पिठाच्या गिरण्या घरोघरीच्या जात्यांना मागे सारून गेल्या, तरी स्वतःच्या घरचे दळण आणि पोटासाठी घेतलेले दळण यांतील अंतर आजी-पणजीच्या बोलण्यातून अजून ओळखीचे आहे. जात्यावर बायका पहाटे ओव्या गातात त्या माहेरच्या, भावाच्या, विठ्ठलाच्या. सिंधूही जात्यापाशी गाते. पण ज्या माहेराची ओवी गावी त्याच माहेराला तिने नकार दिलेला असतो. जाते फिरते आणि पीठ पडते. प्याला भरतो आणि घर रिते होते. एकाच घरात दोन वर्तुळे चालू असतात, आणि एकाचे फळ दुसरे गिळते. पाश्चात्त्य शोकात्मिकेच्या प्रतीकसूचीत जाते नाही, म्हणून ते मराठी उत्तरपत्रिकेतही नसते.

नाटकाचा शेवट पुन्हा अभिज्ञानापाशी येतो. सुधाकर वकील आहे. पुरावा आणि जबानी हा त्याचा व्यवसाय. गुरूही वकील होते, आणि त्यांच्या कथानकांत शेवटी सत्याची साक्ष लागतच असे. ‘एकच प्याला’त मद्याच्या भरात सुधाकराच्या हातून मूल मरते आणि सिंधू प्राणांतिक जखमी होते. मरतेवेळी ती खरे कारण सांगत नाही. आपण पडून लागल्याचे सांगते. डेस्डिमोनाही मरताना नवऱ्यावरचा आळ स्वतःकडे घेते, आणि गडकऱ्यांनी तो धागा तेथून घेतला असणे शक्य आहे. पण ऑथेल्लोत रुमालाचे सत्य नंतर एमिलिया उघड करते आणि प्रेक्षकाला निदान निवाड्याचे समाधान मिळते. येथे तसा उलगडा उरलेलाच नाही, कारण सत्य सर्वांना आधीच ठाऊक आहे. मरणोन्मुख पत्नी ते जाणूनबुजून खोडते. प्रेक्षागृहातला प्रत्येक माणूस त्या खोट्या जबानीचा साक्षीदार होतो, आणि ती खोटी राहावी असेही त्याला वाटते. शाकुंतलाच्या प्रेक्षकाला अंगठी सापडावी असे वाटत असे.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. पदांची रचना त्यांच्या हातून पूर्ण होऊ शकली नव्हती. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी केली. पुढच्याच महिन्यात बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने प्रयोग लावला. गणपतराव बोडस सुधाकर होते, बालगंधर्व सिंधू.