खाद्यतेलाला ‘आरओ’ लावता येतो का? मेम्ब्रेन तंत्रज्ञान सोप्या भाषेत

मध्यंतरी घरच्या आरओचा मेम्ब्रेन बदलायला माणूस आला होता. जुना मेम्ब्रेन हातात घेतल्यावर माझ्या डोक्यात आलं, पाणी असं गाळता येतं तर तेल का नाही? माझा मामा लातूरजवळच्या एका सोयाबीन तेलाच्या प्लांटमध्ये आहे. त्याला फोन लावला. तो हसून म्हणाला, “येतं की रे! पण आमच्याकडे अजून वाफ आणि सेंट्रिफ्यूजच चालतं.” मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ‘येतं, पण करत नाहीत’ हे उत्तर काही पचलं नाही. मग वाचत बसलो. जे समजलं ते इथे सांगतोय.

आधी पाहू, रिफाइंड तेल कसं बनतं?

सोयाबीनमध्ये साधारण १८ ते २० टक्के तेल असतं. नुसतं दाबून ते सगळं निघत नाही. म्हणून मोठ्या प्लांटमध्ये ते हेक्झेन नावाच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून काढतात. तेल आणि हेक्झेनच्या या मिश्रणाला मिसेला म्हणतात. पुढच्या पायऱ्या अशा:

१. मिसेला तापवून हेक्झेन उडवणं आणि थंड करून पुन्हा वापरणं.
२. डिगमिंग: पाणी किंवा ॲसिड घालून चिकट गम, म्हणजे फॉस्फोलिपिड, वेगळे करणं.
३. न्यूट्रलायझेशन: कॉस्टिक सोडा घालून मोकळ्या फॅटी ॲसिडचा साबण करून तो काढणं.
४. ब्लीचिंग: खास मातीने रंग शोषून घेणं.
५. डिओडरायझेशन: व्हॅक्यूममध्ये २०० अंशांच्या वर तापवून, वाफ सोडून वास काढणं.

यात इंधन लागतं, सांडपाणी तयार होतं आणि साबणाबरोबर थोडं चांगलं तेलही वाया जातं. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यामुळे हे ‘थोडं’सुद्धा महागात पडतं.

मेम्ब्रेन इथे काय करतो?

मेम्ब्रेन म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची चाळणी. दाब दिला की लहान रेणू पलीकडे जातात, मोठे अलीकडे राहतात. पण गंमत बघा. तेलाच्या रेणूचं वजन साधारण ९०० डाल्टन आणि फॉस्फोलिपिडचं साधारण ७५०. म्हणजे ‘कचरा’ तेलापेक्षा लहान! मग चाळणी चालणार कशी?

उत्तर हेक्झेनमध्ये आहे. फॉस्फोलिपिडच्या डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. हेक्झेनमध्ये गेल्यावर हे रेणू डोकी आत आणि शेपट्या बाहेर करून घोळका करतात. या घोळक्याला रिव्हर्स मायसेल म्हणतात आणि त्याचं वजन २०,००० डाल्टन किंवा त्याहून जास्त भरतं. आता अल्ट्राफिल्ट्रेशनचा मेम्ब्रेन त्याला सहज अडवतो. तेल आणि हेक्झेन पार होतात, गम मागे राहतात. ना पाणी लागलं, ना ॲसिड.

मागे राहिलेल्या गमपासून लेसिथिन मिळतं. बिस्किटाच्या किंवा चॉकलेटच्या पुड्यावर ‘इमल्सिफायर ३२२’ लिहिलेलं असतं ना? तेच हे.

दुसरा उपयोग हेक्झेन परत मिळवण्याचा. ते ६९ अंशांच्या आसपास उकळतं आणि मिसेलात बहुतेक भाग त्याचाच असतो, म्हणून ते उडवायला भरपूर वाफ लागते. आणखी बारीक छिद्रांच्या मेम्ब्रेनने त्यातलं थोडं न उकळताच वेगळं केलं, तर तेवढी वाफ वाचते. ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या बोमाँट रिफायनरीत १९९८ पासून वंगणतेलातलं सॉल्व्हंट अशाच पद्धतीने वेगळं केलं गेलं.

मग मामाच्या प्लांटमध्ये का नाही?

- हेक्झेन अनेक प्लास्टिक मेम्ब्रेन फुगवतं किंवा खराब करतं. सिरॅमिकचा मेम्ब्रेन टिकतो, पण महाग पडतो.
- गम पृष्ठभागावर साचून छिद्रं बुजतात. याला फाउलिंग म्हणतात. तेल मेम्ब्रेनला घासून वाहत ठेवलं तर ते कमी होतं, पण थांबत नाही.
- तेल पाण्यापेक्षा खूप घट्ट, म्हणून वेग कमी. रोज शेकडो टन माल काढणाऱ्या प्लांटला हे परवडायला हवं.
- मोकळी फॅटी ॲसिड साधारण २८० डाल्टनची. ती गमसारखा मोठा घोळका करत नाहीत, त्यामुळे तेलापासून नीट वेगळी होत नाहीत.

म्हणजे मेम्ब्रेन सध्या सगळी रिफायनरी बदलू शकत नाही, एखाद-दुसरी पायरी सोपी करू शकतो. मैसूरच्या सीएफटीआरआयमध्येही यावर संशोधन झालं आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

उद्या कुणी ‘मेम्ब्रेन फिल्टर्ड, म्हणून हेल्दी’ अशी जाहिरात केली, तर लगेच भुलू नका. गाळण्याने तेलाचा मूळ रेणू बदलत नाही. एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी आधीही होत्या, नंतरही राहणार. फायदा आहे तो इंधन, पाणी आणि वाया जाणाऱ्या तेलाच्या बचतीचा. आणि तोही काही लहान नाही.