काकनकोटेचा खेदा

म्हैसूर म्हटले की आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे दसरा उभा राहतो. आपण विजयादशमीला आपट्याचे पान सोने म्हणून वाटतो. म्हैसूरकर त्या दिवशी राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत, म्हणजे शमीच्या स्थानापर्यंत, हत्तीवरून देवीची मिरवणूक नेतात. साडेसातशे किलो वजनाची सुवर्णांबारी पाठीवर घेऊन शांतपणे पावले टाकणारा तो गजराज पाहिला म्हणजे हे प्राणी पिढ्यान् पिढ्या राजवाड्यातच जन्माला येत असावेत, अशी कोणाचीही समजूत व्हावी. माझीही तशीच होती. वस्तुतः यांतील बहुतेक हत्ती एके काळी रानात मोकळे हिंडणारे होते. ते माणसाच्या हाती कसे आले, याची कथा म्हैसूरपासून साठ-सत्तर किलोमीटरांवर, हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील काकनकोटेच्या अरण्यात घडली. तिचे नाव खेदा.

खेदा हा शब्द उत्तरेकडचा. खेदणे म्हणजे पाठीस लागून हाकलणे. रानटी हत्तींचा अख्खा कळप हाकीत नेऊन कोंडायचा, ही त्यातील कल्पना. कल्पना जुनीच आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात हत्तींच्या राखीव वनांची व्यवस्था सांगितली आहे. हत्ती धरण्यास ग्रीष्म ऋतू योग्य, वीस वर्षांचा हत्ती धरावा, लहान पिलू, आजारी हत्ती, गाभण वा दूध पाजणारी हत्तीण यांना धरू नये, आणि वनात हत्ती मारणाऱ्यास देहान्त शासन द्यावे, इतका बारकावा तेथे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’तही गजबंधनाचे प्रकार वर्णिले आहेत. ज्या ग्रंथातील काही ओळींत आपण मराठीची जुनी रूपे शोधतो, तोच हा ग्रंथ. पुढे अकबराच्या काळी ‘आईने अकबरी’त खेदा हे नाव स्पष्टपणे येते.

म्हैसूरच्या रानात मात्र हा प्रयोग सहजासहजी साधला नाही. हैदर अलीने काकनकोटेच्या जंगलात तो करून पाहिला व त्यात त्याला अपयश आले. हे काम कोणाच्याही हातून होणार नाही, आणि जो करू धजेल त्याला शाप असो, अशा अर्थाचा मजकूर त्याने एका शिळेवर कोरविला, असे सँडर्सनने नमूद करून ठेवले आहे.

हा सँडर्सन म्हणजे म्हैसूरच्या पाटबंधारे खात्यातील एक तरुण इंग्रज अधिकारी. कालव्यांची देखरेख हे त्याचे काम. परंतु शिवारात येऊन पिके तुडविणाऱ्या हत्तींच्या तक्रारी त्याच्या कानी सतत पडत. या हत्तींना मारण्यापेक्षा धरावे, म्हणजे रयतेचा त्रासही टळेल आणि सरकारला तोफा व लाकूड ओढण्यास जनावरेही मिळतील, असा प्रस्ताव त्याने मांडला. म्हैसूरचा कारभार तेव्हा इंग्रज कमिशनकडे होता. प्रस्ताव मंजूर झाला, आणि १८७४ च्या जून महिन्यात चामराजनगरजवळ त्याने एका फटक्यात पन्नासाहून अधिक हत्ती कोंडून दाखविले. हैदरचा शाप खोटा ठरला. १८८१ साली राज्य पुन्हा वडियार घराण्याकडे आल्यावर हा उपक्रम महाराजांच्या दरबाराने उचलून धरला, आणि काकनकोटे हे त्याचे मुख्य ठाणे झाले.

काकनकोटेच्या खेद्याचे वैशिष्ट्य म्हणजे कबिनी नदी. वायनाडात उगम पावून कावेरीला मिळणारी ही नदी या अरण्यातून वाहते. प्रथम जेनुकुरुब आणि काडुकुरुब या वनवासी जमातींचे माग काढणारे लोक कळपाचा ठाव लावीत. मग शेकडो हाकारे दूरदूरचे कळप हळूहळू नदीच्या दिशेने आणीत. या कामाला कित्येक आठवडे लागत. रात्री जागोजाग शेकोट्या पेटवून कडे कायम ठेवावे लागे. अखेर ठरलेल्या दिवशी ढोल, बांबूचे टिपरे, बंदुकांचे बार आणि मशाली यांच्या गदारोळात कळप पाण्यात लोटला जाई. पाण्यात दोन्ही बाजूंना माणसाळविलेल्या हत्तींची फळी उभी असे. कळप पोहत पैलतीराला लागे. हत्तिणी पिलांना सोंडेने सावरीत, मध्ये घेत. पैलतीरी मोठमोठ्या ओंडक्यांचे कुंपण झाडाझुडपांच्या आड लपविलेले असे. शेवटचा हत्ती आत शिरला की दोर तोडून दरवाजा खाली सोडीत.

पुढचे काम माणसाळविलेल्या हत्तींचे. त्यांना कुमकी म्हणतात. आपल्या बखरींतून ‘कुमक’ हा शब्द पदोपदी भेटतो. तोच हा. कुमकी हत्ती नव्या बंदिवानाला दोन्ही बाजूंनी दाबून धरीत, आणि माहूत खाली उतरून त्याच्या पायांत दोर अडकवीत. जातभाईच्या मदतीवाचून जातभाई धरला जात नसे.

हा देखावा पाहण्यासाठी पाहुण्यांची रीघ लागे. १८८९ साली इंग्लंडचा राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर आला. पुढे व्हाइसरॉय आणि संस्थानिक येत राहिले. नदीकाठी मंचक बांधले जात, तंबूंची नगरी वसे. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एलिफंट बॉय’ या चित्रपटाने खेदा साऱ्या जगाला दाखविला, आणि एका माहुताचा मुलगा, साबू, थेट हॉलिवुडला जाऊन पोहोचला. कन्नडचे थोर लेखक मास्ती वेंकटेश अय्यंगार यांनी ‘काकनकोटे’ हे नाटक लिहिले, ते मात्र पाहुण्यांविषयी नव्हे, तर त्या रानातील कुरुबांविषयी. मास्ती स्वतः म्हैसूर राज्याच्या सेवेतील अधिकारी होते. मंचकावर बसणाऱ्यांच्या पंक्तीतला माणूस असूनही त्यांनी मंचकाखाली पाहिले, याचे मला सरकारी नोकर म्हणून नेहमी कौतुक वाटत आले आहे.

कारण त्या मंचकावरून न दिसणाऱ्या गोष्टीही होत्या. दोरांच्या जखमा चिघळून, भेदरून, अन्न टाकून धरलेल्या हत्तींपैकी पुष्कळ दगावत. मोटारी आल्या, यंत्रे आली, तशी हत्तींची गरजही कमी झाली. तरीही जवळजवळ शतकभर, काही वर्षांच्या अंतराने, खेदे होतच राहिले. शेवटचा खेदा १९७१ साली झाला. त्यानंतर कबिनीवरचे धरण १९७४ साली पूर्ण झाले, आणि काकनकोटेच्या अरण्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७७ साली हत्तीला त्याच्या पहिल्या अनुसूचीत मिळालेले स्थान, यांमुळे खेद्याचा मार्ग कायमचा बंद झाला. त्याच सुमारास धरणाने आणि संरक्षित वनांच्या व्यवस्थेने कित्येक कुरुब कुटुंबेही रानाबाहेर आली. हत्तींना रानातून काढणे थांबले, तेव्हा हत्तींचा माग काढणाऱ्यांना रान सोडावे लागले.

मी हे सारे ज्या कारणाने वाचू लागलो, ते सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त माझे सिंधुदुर्गात जाणे झाले. कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती २००२ पासून दोडामार्गाच्या बाजूला वावरत आहेत. एका रात्रीत झोपवलेल्या माडांच्या बागेत मी पंचनाम्याचे कागद घेऊन उभा होतो. बागेचा म्हातारा धनी मला म्हणाला, “सायबानू, तेका खंय तरी घेवन जावा.” मारा, असे तो म्हणाला नाही. कोठेतरी न्या, एवढेच म्हणाला. दीडशे वर्षांपूर्वी सँडर्सनने ऐकलेली तक्रार नेमकी हीच असणार. सँडर्सनपाशी उत्तर होते. माझ्यापाशी नव्हते. कुडाळ तालुक्यातील माणगाव खोऱ्यात २०१५ साली कर्नाटकातून कुमकी हत्ती आणून तीन हत्ती धरण्यात आले होते, आणि त्यांतील दोन पुढे दगावले, हे मला ठाऊक होते. ‘खंय तरी’ या दोन शब्दांना नकाशावर जागा सापडत नाही.

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर दर वर्षी जुलै महिन्यात असाच एक सोहळा होतो. असाटीग बेटावरची रानटी तट्टे पोहत शिंकोटीग बेटावर आणतात. तेथील स्वयंसेवक अग्निशामक दल १९२५ पासून शिंगरांचा लिलाव करून आपला बंब चालविते. उरलेली तट्टे परत पोहत आपल्या बेटावर जातात. कळप बेताचा राहतो, गावाचेही भागते. परतीचा मार्ग ठेवलेला आहे, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. काकनकोटेच्या खेद्यात परतीचा मार्ग नव्हता.

याचा विलक्षण दाखला म्हणजे अर्जुन नावाचा हत्ती. तो १९६८ च्या खेद्यात काकनकोटेला धरला गेला. २०१२ ते २०१९ अशी आठ वर्षे त्याने दसऱ्याची सुवर्णांबारी वाहिली. वयोमानाने अंबारी उतरली, परंतु कुमकीचे काम सुटले नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी हासन जिल्ह्यात एका रानटी हत्तीला धरण्याच्या मोहिमेवर असताना त्या हत्तीशी झालेल्या झुंजीत अर्जुन कोसळला. रानातून पकडून आणलेला तो, रानातल्याच एकाला पकडताना गेला. त्याच्यासाठी म्हैसूरच्या माणसांनी ढाळलेली आसवे खरी होती. पण आपण कशासाठी रडतो आहोत, याचा विचार त्या दिवशी किती जणांनी केला असेल?

गेल्या एप्रिलात मी कबिनीच्या काठी गेलो. उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरते, बुडालेली जमीन उघडी पडते आणि तिच्यावर कोवळे हिरवे गवत उगवते. मग बंडीपूर आणि नागरहोळेच्या सुकलेल्या रानांतून हत्तींचे कळप शेकड्यांनी या काठावर उतरतात. आशियाई हत्तींचा एवढा मोठा मेळा जगात अन्यत्र क्वचितच भरत असेल. संध्याकाळ झाली होती. एक कळप पाण्यात उतरला आणि पोहू लागला. मध्ये दोन पिले होती. त्यांच्या सोंडा तेवढ्या पाण्यावर दिसत होत्या. ना ढोल, ना मशाली. सोबतचा वृद्ध कुरुब वाटाड्या लहानपणी आपल्या वडिलांबरोबर शेवटच्या खेद्याला होता. पैलतीराकडे हात करून तो आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “दरवाजा तिथे होता.”

मी पाहिले. तेथे आता गवत होते. कळप पैलतीरी चढला, अंग झाडले आणि चरू लागला. खेदा बंद पडला, हे चांगले झाले, यात मला शंका नाही. पण दोडामार्गाच्या त्या माडांच्या बागेत मला विचारलेला प्रश्न अजून तेथेच उभा आहे. त्याचे उत्तर दोर आणि कुंपण यांत नाही, एवढे शंभर वर्षांच्या इतिहासाने दाखविले. हत्तीला जायला आणि परत यायला वाट ठेवणे, आणि त्या वाटेवर ज्याचे माड पडतात त्याला एकट्याला नुकसान सोसायला न लावणे, यांत ते असावे. मास्तींप्रमाणे मंचकाखाली उतरून पाहिल्याशिवाय ते आम्हां कचेरीत बसणाऱ्यांना सापडायचे नाही.