डोनटचं दुकान आणि भिशीचा पैसा

 

तालुक्याच्या बेकरीत, काचेच्या कपाटात हल्ली एक गोल पदार्थ दिसतो. मधे भोक, वरून साखर नाहीतर चॉकलेट. पोरं त्याला डोनट म्हणतात आणि हट्ट धरून बसतात. आपल्यातल्या एखादीने चव घेतली असेल, तर ती म्हणेल, अगं, हा तर मैद्याचा गुलगुला! फार काही चूक नाही तिचं. मैदा, दूध, साखर, अंडं यांचं पीठ फुगवायचं, तळायचं आणि साखरेत घोळवायचं, झाला डोनट.

आज या डोनटचा इतिहास सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या खाऊशी आपलं काय देणंघेणं? पण या इतिहासात घरची कढई आहे, भिशी आहे, आणि बायकांचे कधी न मोजलेले कष्टसुद्धा आहेत. म्हणून तो आपल्या गटांनी ऐकण्यासारखा आहे.

आधी एक अलीकडची गोष्ट. साल २०१८. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे. तिथल्या समुद्रकाठच्या एका लहान शहरात एक नवरा-बायको जवळजवळ तीस वर्षं डोनटचं दुकान चालवत होते. दोघंही कंबोडिया देशातून निर्वासित होऊन आलेले. दुकान रोज पहाटे उघडायचं. एकदा बरेच दिवस गल्ल्यावर बाई दिसेना. रोजच्या गिऱ्हाइकांनी विचारलं, तेव्हा कळलं की मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या दुखण्याने ती अंथरुणाला खिळली आहे.

लोक म्हणाले, आपण वर्गणी काढू. नवरा म्हणाला, पैसे नकोत, तिच्याजवळ बसायला वेळ मिळाला तर हवा. मग गिऱ्हाइकांनीच युक्ती काढली. सकाळी लवकर जायचं आणि एक-दोन घ्यायच्या जागी डझनभर डोनट घ्यायचे. माल संपला की दुकान बंद, आणि हा माणूस बायकोकडे जायला मोकळा. बघता बघता दुकान सकाळीच रिकामं व्हायला लागलं. माणसं वाट वाकडी करून, गाड्या चालवत तिथे डोनट घ्यायला येऊ लागली.

मोठ्या कंपनीच्या दुकानात असं घडलं नसतं. तिथे आज गल्ल्यावर एक असते, उद्या दुसरी, आणि गिऱ्हाइकाला फरक पडत नाही. ही माया गल्लीतल्या दुकानालाच मिळते. पण नुसत्या मायेवर दुकान टिकतं का? हे समजून घ्यायला थोडं मागे जाऊ.

डोनटचं मूळ हॉलंड देशातल्या डच लोकांकडे जातं. सतराव्या शतकात हे लोक अमेरिकेत, आज जिथे न्यूयॉर्क शहर आहे तिथे येऊन वसले. त्यांच्या घरी गोड पिठाचे गोळे चरबीत तळायचे. त्यांना म्हणायचे ओलीकूक, म्हणजे तेलातला केक. १८०९ साली वॉशिंग्टन अर्विंग या लेखकाने न्यूयॉर्कवर पुस्तक लिहिलं, त्यात या गोळ्यांचं डोनट हे नाव सापडतं. तेव्हा त्याला भोक नव्हतं.

आता गोळा मोठा केला की बाहेरून लाल होतो आणि आत कच्चा राहतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. मेदूवड्याला भोक पाडतात ते शोभेसाठी नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात एलिझाबेथ ग्रेगरी नावाची बाई होती. ती पिठात जायफळ, दालचिनी, लिंबाची साल घालायची, आणि मधला भाग कच्चा राहतो म्हणून तिथे अक्रोड नाहीतर तसलं काही खोचायची, असं सांगतात. तिचा मुलगा हॅन्सन जहाजावर खलाशी होता. म्हातारपणी त्याने सांगितलं, की १८४७ साली, पोरवयात, आपणच मिरपुडीच्या पत्र्याच्या डबीने डोनटला पहिलं भोक पाडलं. ही हकिगत किती खरी आणि किती खलाशाची थाप, यावर लोक अजून वाद घालतात. पण त्याच्या गावी फलक लागला आहे तो मुलाच्या नावाचा. पीठ मळलं आईने, नाव झालं भोक पाडणाऱ्याचं!

पुढची गोष्ट १९१७ सालची. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि अमेरिकेचे सैनिक फ्रान्समध्ये लढायला गेले होते. त्यांच्या मदतीला सॅल्व्हेशन आर्मी ही संस्था गेली. नावात आर्मी असली तरी ती ख्रिस्ती सेवाभावी संस्था आहे. तिच्यातल्या हेलन पर्व्हायन्स आणि मार्गारेट शेल्डन या दोघी तिथे तंबूत काम करत होत्या. पाऊस थांबेना, सैनिक चिखलात कुडकुडत होते. त्यांना घरची आठवण येईल असं काही करावं, तर केक भाजायला भट्टी नाही. हाताशी होतं पीठ, साखर, चरबी, बेकिंग पावडर आणि डब्यातलं दूध. त्यांनी डोनट तळायचं ठरवलं. लाटणं नव्हतं, म्हणून दारूच्या रिकाम्या बाटलीने पीठ लाटलं. भांड्यात एका वेळी सातच मावायचे. पहिल्या दिवशी १५० डोनट निघाले आणि पावसात रांग लागली. पुढे हेच काम आणखी बायकांनी उचललं आणि रोज हजारांनी डोनट निघू लागले. सैनिक त्यांना डोनट गर्ल्स म्हणायचे.

युद्ध संपलं, सैनिक घरी आले ते डोनटची चव घेऊनच. मागणी वाढली. १९२० साली न्यूयॉर्कमध्ये ॲडॉल्फ लेव्हिट यांनी डोनटचं यंत्र तयार केलं. पीठ आपोआप पडतं, तळलं जातं, उलटतं आणि बाहेर येतं. लोक काचेतून बघत उभे राहायचे. पुढे मोठ्या कंपन्या आल्या. १९५० साली डंकिन डोनट्स हे नाव आलं, आणि तशी एकसारखी दुकानं गावोगावी उघडली. बायकांनी चिखलात उभं राहून जी गोडी लावली, तिचा धंदा कंपन्यांनी केला. सॅल्व्हेशन आर्मीने मात्र त्या बायकांची आठवण ठेवली. १९३८ पासून अमेरिकेत जूनचा पहिला शुक्रवार त्यांच्यासाठी डोनट दिवस म्हणून पाळतात.

आता वाटेल, गल्लीतलं दुकान संपलंच. पण कॅलिफोर्नियात उलट घडलं, आणि ते घडवलं निर्वासितांनी.

१९७५ च्या एप्रिलमध्ये कंबोडियात ख्मेर रूज या गटाने सत्ता घेतली. पुढच्या चार वर्षांत उपासमार, मारझोड आणि कत्तलींत १५ लाखांहून जास्त माणसं गेली. ज्यांना जमलं ते देश सोडून पळाले. त्यांत टेड नोय, त्यांची बायको सुगंथिनी आणि मुलं होती. कॅलिफोर्नियात आल्यावर टेड एका चर्चमध्ये झाडलोट करायचे आणि रात्री पेट्रोल पंपावर काम करायचे. तिथेच शेजारच्या दुकानातून तळणीचा गोड वास आला. डोनट खाल्ला तर त्यांना आठवला आपल्याकडचा नोम काँग. तो तांदळाच्या पिठाचा, तळलेला, वरून ताडगुळाचा पाक दिलेला, आणि मधे भोक असलेला. आपला अनारसा आठवा, म्हणजे चव साधारण ध्यानात येईल.

टेड एका डोनट कंपनीत काम शिकले. नवरा-बायकोने पै-पै साठवली आणि १९७७ साली स्वतःचं दुकान घेतलं. दुकानाचं नाव क्रिस्टीज, आणि पुढे सुगंथिनी यांनाही लोक क्रिस्टी म्हणू लागले. काटकसर अशी, की कॉफी ढवळायच्या प्लॅस्टिकच्या काड्याही धुऊन वापरायच्या. मग दुसरं दुकान, तिसरं दुकान. नवीन निर्वासित कुटुंब आलं की त्याला काम शिकवायचं आणि एक दुकान चालवायला द्यायचं. अशी त्यांची ५० च्या वर दुकानं झाली.

दुकान घ्यायला पैसा कुठून आला? बँक निर्वासिताला दारात उभं करत नव्हती. त्यांनी भिशी लावली! ते तिला टोंगटिन म्हणतात. ओळखीच्या माणसांनी दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची, ज्याला गरज असेल त्याने बोली लावून ती उचलायची. कागद नाही, तारण नाही, नुसता शब्द. या पैशावर कितीतरी दुकानं उभी राहिली. आज लॉस एंजेलिसच्या परिसरात गल्लीतली बहुतेक डोनटची दुकानं कंबोडियन कुटुंबांची आहेत. डंकिन कंपनीला १९९० च्या दशकात तिथला पसारा जवळजवळ गुंडाळावा लागला होता. तिथे डोनट गुलाबी खोक्यात देतात, त्याचीही गंमत आहे. एका कंबोडियन दुकानदाराने पांढऱ्यापेक्षा स्वस्त खोका मागितला, पुरवठादाराकडे गुलाबी पुठ्ठा शिल्लक पडला होता. काही पैसे वाचले, आणि तोच रंग त्या दुकानांची ओळख झाला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण टेड यांना जुगाराचा नाद लागला. ही गोष्ट त्यांनी स्वतःच जगाला उघडपणे सांगितली आहे. लास वेगासला जायचं, हरायचं, मग ज्यांना दुकानं चालवायला दिली त्यांच्याकडूनच उसने घ्यायचे, आणि फेडता आलं नाही की दुकान त्यांना देऊन टाकायचं. सगळी दुकानं गेली, घर गेलं, पुढे संसारही मोडला. ज्या बाईने पहिल्या दिवसापासून गल्ला सांभाळला, तिच्याही आयुष्याची कमाई त्यात बुडाली.

एक गोष्ट मात्र बघा. नोय यांची दुकानं गेली, पण डोनटची दुकानं राहिली. कारण तोवर काम शंभर हातांना येत होतं आणि मालकी घरोघरी वाटली गेली होती. एकाच्या हाती सगळं होतं तेवढं बुडालं, वाटलेलं होतं ते तरलं.

पण तरलेल्या दुकानांनाही एक किंमत मोजावी लागली. रात्रभर नवरा कढईपाशी, पहाटेपासून बायको गल्ल्यावर, आणि शाळेतून आलेली मुलं खोकी घड्या घालताहेत. डोनट स्वस्त पडायचा, कारण घरच्यांची मजुरी त्यात धरलेलीच नसायची. म्हणून शिकलेल्या मुलांपैकी बरीच आज दुकान नको म्हणतात. आणि म्हणूनच पहिल्या गोष्टीतल्या त्या नवऱ्याला बायको आजारी असतानाही पहाटे दुकान उघडावं लागत होतं. त्याच्या जागी उभं राहणारं तिसरं माणूस नव्हतं. गिऱ्हाइकांची माया मोठी, पण ती वेळेला धावून आली, हे त्याचं नशीब.

मैत्रिणींनो, आता आपल्याकडे वळते. दिवाळीला गटाला फराळाची ऑर्डर येते. सहा जणी दोन दिवस, रोज आठ तास बसल्या, तर ते ९६ तास होतात. भाजणी, तेल, गॅस, पिशव्या, सगळं आपण वहीत लिहितो. ते ९६ तास लिहितो का? बहुतेक गटांत उत्तर येतं, ‘घरचंच तर काम आहे!’ मग दर लावताना आपले हात फुकट जातात, आणि पुढच्या वर्षी एकजण गळते.

आपल्याकडे त्या निर्वासितांकडे नव्हतं असं एक साधन आहे, ते म्हणजे गटाची वही. भिशी शब्दावर चालते, गट वहीवर चालतो. कोणी किती उचललं, ठराव कधी झाला, सह्या कोणाच्या, हे सगळं त्यात असतं. अध्यक्ष असो की सचिव, एकटीच्या हाती पैसा जाऊ नये म्हणून त्या सह्या असतात. कितीही भली बाई असली तरी हिशेब विचारण्यात अपमान नाही. नोय यांनाही लोक भलाच माणूस मानत होते.

पुढच्या मासिक बैठकीत दोन गोष्टी करून बघा. एक, शेवटच्या ऑर्डरचे तास मोजा आणि त्याची मजुरी काढून दर पुन्हा मांडा. दोन, ठरवा की आपल्यातली एकजण आजारी पडली तर तिची पाळी कोण घेणार आणि त्या दिवसांची तिची मजुरी कशी चालू ठेवणार. त्यासाठी दर ऑर्डरमागे थोडी रक्कम बाजूला टाकायचा ठराव लिहा.

त्या दुकानदाराला बायकोजवळ बसायला वेळ गिऱ्हाइकांनी दिला. आपल्या बाईला तो वेळ आपल्या गटाने द्यायला हवा, आणि तो वहीत लिहिलेला हवा. बाकी बेकरीतला डोनट एकदा जरूर खाऊन बघा. पण गुलगुले घरीच करा, गरम गरम.