निखळ खलपात्र

निखळ खलपात्र : साहित्य, रंगभूमी व चित्रपट यांतील असे दुष्ट पात्र, की ज्याला परत फिरण्याची संधी मिळते, ती संधी आहे हे त्याला कळते आणि तरीही ते ती नाकारते. खलपात्रे उदंड आहेत. या व्याख्येत बसणारी फार थोडी. एखादे पात्र किती दुष्ट आहे हे ठरवताना सामान्यतः त्याच्या अपराधांची बेरीज केली जाते. किती मारले, किती फसवले, किती घरे उद्ध्वस्त केली, असा तो हिशेब असतो. प्रस्तुत नोंदीत हा हिशेब दुय्यम मानला आहे. संहार मोठा असला म्हणजे पात्राचे मन अधिक काळे ठरते असे नाही. कादंबरीतला सेनापती एका आज्ञेने गाव जाळतो, तर घरातला एखादा काका पुतणीचे लग्न मोडण्यापलीकडे काही करत नाही. तरीही दोघांपैकी निखळ दुष्ट काका ठरू शकतो.

संस्कृत परंपरा : धनंजयाच्या दशरूपकात (दहावे शतक) प्रतिनायक लोभी, धीरोद्धत, हट्टी, पापी व व्यसनी सांगितला आहे आणि त्याची उदाहरणे म्हणून रावण व दुर्योधन यांची नावे टीकेत येतात. ही सगळी लक्षणे स्वभावाची आहेत. पात्र निर्णयाच्या क्षणी काय करते, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही. नाटककारांनी मात्र तो केला आहे आणि त्याचा उत्कृष्ट पुरावा शूद्रकाच्या मृच्छकटिकात सापडतो. राजाचा मेहुणा शकार हा त्यातला खल. गाड्यांच्या अदलाबदलीमुळे नाटकाची नायिका वसंतसेना चुकून त्याच्या उद्यानात येऊन पोहोचते. ती वश होत नाही असे दिसताच तो विट या आपल्या सोबत्याला तिला मारायला सांगतो. विट कानांवर हात ठेवतो. इथे कोण पाहणार, असे शकार म्हणतो, तेव्हा दाही दिशा, वनदेवता, चंद्र, सूर्य हे सगळे साक्षी आहेत, असे विट त्याला बजावतो. त्यावर शकाराचा तोडगा असा, की मग तिच्यावर पदर झाकून मार. पुढे तो स्थावरक या आपल्या दासाला सोन्याच्या कड्यांचे आमिष दाखवतो. शरीरावर धन्याची सत्ता आहे, चारित्र्यावर नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन दासही नकार देतो. मग शकार स्वतःच तिचा गळा दाबतो, ती मेली असे समजून तिला पाल्यापाचोळ्याखाली झाकतो आणि खुनाचा आरोप तिचा प्रियकर चारुदत्त याच्यावर ठेवत न्यायसभेत जातो.

परतीची संधी इथे एकदा नव्हे, दोनदा आणि दोन वेगळ्या सामाजिक पायऱ्यांवरून दिली गेली आहे, हे शूद्रकाचे कौशल्य होय. मित्र नाही म्हणतो, दासही नाही म्हणतो. तरीही शकार निखळ खलपात्र आहे, असे ठामपणे म्हणवत नाही. पदर झाकण्याचा तोडगा हे त्याचे कारण. साक्षीचा अर्थ त्याला केवळ डोळ्यांनी पाहणे एवढाच कळतो. विट ज्याविषयी बोलतो आहे ते त्याच्या गावीच नाही. पुराणातल्या कथांची सरमिसळ करणारा, बोबडे बोलणारा हा माणूस प्रेक्षकाला हसवतो आणि ज्याला समजतच नाही त्याने नाकारले असे म्हणता येत नाही. शेवटच्या अंकात लोक त्याला मारायला उठतात, तेव्हा तो चारुदत्ताच्या पायाशी शरण येतो आणि चारुदत्त त्याला अभय देतो. या अभयामुळे शकार सुधारला असा समज काही रसग्रहणांत आढळतो. त्याला संहितेत आधार नाही. तो घाबरला आहे, एवढेच दिसते. क्षमा हा क्षमा करणाऱ्याचा गुण आहे.

महाभारतात हाच भेद मोठ्या पटावर आहे. उद्योगपर्वात कृष्णशिष्टाईच्या वेळी दुर्योधनाला समजावणाऱ्यांत भीष्म, द्रोण, विदुर आणि खुद्द गांधारी आहे. समज कमी पडली असे म्हणायला जागा नाही. आमच्या निकषाने तो निखळ ठरतो. आक्षेप असा, की स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला हाच दुर्योधन स्वर्गात तेजाने तळपताना दिसतो. मग त्याला सर्वस्वी दुष्ट कसे म्हणावे? युधिष्ठिरही हाच प्रश्न रागाने विचारतो. त्याला मिळणारे उत्तर क्षात्रधर्माने रणांगणात देह ठेवल्याचे आहे, पश्चात्तापाचे नाही. फळ एका हिशेबाने मिळते आणि पात्राचा निर्णय दुसऱ्या हिशेबाने जोखावा लागतो. भासाच्या ऊरुभंगात मात्र गोष्ट खरोखर बदलते. मांड्या मोडून पडलेला दुर्योधन तेथे वैर सोडतो आणि पांडवांची सेवा कर असे मुलाला सांगतो. व्यासांचा दुर्योधन एक, भासाचा दुसरा. म्हणून निखळपणाचा निवाडा पात्राच्या नावावर करता येत नाही. तो एकेका कलाकृतीपुरता करावा लागतो. रावणाच्या बाबतीत जय-विजयांच्या कथेने आणि विरोधभक्तीच्या कल्पनेने हा प्रश्न इतका गुंतागुंतीचा केला आहे, की त्याचा विचार स्वतंत्र नोंदीत करणे इष्ट.

हेतूचा प्रश्न : दुष्टपणाला कारण सापडले की दुष्टपणा सौम्य होतो, हा समज सर्वत्र दिसतो. शकुनीच्या बाबतीत लोककथेने हेच केले. कौरवांनी त्याच्या बापाला व भावांना कोंडून उपाशी मारले, बापाच्या हाडांचे त्याने फासे केले, ही कथा घरोघरी माहीत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1966 मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ती नाही. कारणाशिवायचे वैर श्रोत्यांना पचत नाही, म्हणून ते मागाहून पुरवले जाते. शेक्सपिअरने नेमके उलटे केले. ऑथेल्लोची मूळ कथा चिंथिओ या इटालियन लेखकाच्या 1565 मधील संग्रहातली. तीत इयागोच्या जागी असलेला निशाणदार डेस्डिमोनाच्या प्रेमात पडलेला असतो. ती दाद देत नाही म्हणून तो सूडाला पेटतो. शेक्सपिअरने हे स्वच्छ कारण जवळजवळ काढून टाकले आणि त्याच्या जागी बढती हुकली, बायकोवर संशय, अशी तीन-चार अर्धवट कारणे इयागोच्या तोंडी घातली. त्यांतले एकही पुरे पडत नाही. कोलरिजने त्याच्या दुष्टतेला हेतुशून्य म्हटले, ते यामुळेच.

पण हेतुशून्यता हा निकष मानला तर वेडा माणूस आणि वादळ दोन्ही निखळ दुष्ट ठरतील. इयागो निखळ ठरतो तो चौथ्या अंकातल्या एका छोट्या प्रसंगामुळे. नवऱ्याने वेश्या म्हटलेली डेस्डिमोना, ज्याने हे सारे घडवले त्याच्याकडेच मदत मागायला येते आणि त्याच्यासमोर गुडघे टेकते. आपण काय केले ते त्याच्या पुढ्यात आहे, एक वाक्य बोलून ते थांबवता येईल आणि धोकाही फारसा नाही. तो तिची समजूत घालतो, सगळे ठीक होईल म्हणतो आणि तिला जेवायला आत पाठवतो. त्याच रात्री तिचा खून होतो. शेवटी कारण विचारले तेव्हा आपण यापुढे एक शब्दही बोलणार नाही असे सांगून तो गप्प होतो. किंग लिअरमधला एडमंड त्याच्याहून कमी घातकी नाही. पण मरताना तो कॉर्डेलियाच्या वधाची आज्ञा मागे घ्यायला धावतो. उशीर होतो, तरीही तो निखळांच्या यादीतून बाहेर पडतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या झुंझारराव (1890) या रूपांतराने इयागोचा साचा मराठी रंगभूमीवर आला.

मराठी नाटक : हा साचा राम गणेश गडकऱ्यांनी (1885–1919) पचवला आणि वेगळ्या कामी लावला. प्रेमसंन्यासातला कमलाकर, पुण्यप्रभावातला वृंदावन आणि भावबंधनातला घनश्याम ही मराठीतली सर्वांत वक्तृत्वसंपन्न खलपात्रे होत. त्यांच्या स्वगतांवर पिढ्यान्‌पिढ्या नटांनी जीभ घासली. घनश्यामाला गडकऱ्यांनी हेतू दिला आहे : लतिकेने केलेला अपमान. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर 1919 मध्येच बलवंत संगीत मंडळीने भावबंधन रंगभूमीवर आणले. दीनानाथ मंगेशकर लतिका आणि चिंतामणराव कोल्हटकर घनश्याम होते. कोल्हटकरांच्या या भूमिकेने घनश्याम नाटकाच्या नायकांपेक्षा मोठा झाला. त्यांच्या बहुरूपी या आत्मचरित्राला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार (1958) मिळाला. त्या काळच्या रंगभूमीचा तो महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

वृंदावन वसुंधरेच्या सतीत्वापुढे नमतो, घनश्यामही अखेर पालटतो. हा पालट कृत्रिम आहे, सुखान्त शेवटासाठी चिकटवलेला आहे, तेव्हा तो मोजू नये, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धा खरा आहे. घनश्यामाचा द्वेष ज्या बारकाईने रचला आहे, त्या बारकाईने त्याचा पश्चात्ताप रचलेला नाही, हे मान्यच करावे लागेल. पण ही नाटककाराच्या कसबातली उणीव झाली. तिच्या आधारे पात्राला नाटकाने न दिलेला शेवट देणे हे समीक्षकाचे काम नव्हे. शिवाय गडकऱ्यांची श्रद्धाच अशी दिसते, की सद्गुण समोर उभा राहिला की दुष्टाला तो दिसतो. या श्रद्धेच्या जगात निखळ खलपात्र संभवतच नाही. एकच प्यालातील तळीराम याला अपवाद वाटतो. तो सुधाकराला प्याल्याकडे नेतो आणि स्वतःही दारूपायीच संपतो. परंतु तो व्यसनाचा बळी आहे की वाहक, याबाबत एकमत नाही.

विजय तेंडुलकरांनी ही श्रद्धा मोडली. घाशीराम कोतवाल (पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972, पुणे, दिग्दर्शक जब्बार पटेल) या नाटकात रंगमंचावर दिसणारे क्रौर्य जवळजवळ सगळे घाशीरामाचे आहे. अपराधांची बेरीज केली तर खल तोच. पण नाना फडणवीसाला दिलेल्या मुलीच्या मृत्यूनंतर घाशीराम नानापुढे संतापाने उभा राहतो, तेव्हा नाटकातल्या नानाला त्याचे कृत्य नाव घेऊन दाखवले जाते. तो ते तत्त्वज्ञानाच्या गोड शब्दांत विरघळवतो, कोतवालाला पुन्हा कामाला लावतो आणि शेवटी जमाव मागतो तेव्हा त्याचा बळी देऊन उत्सवाचा हुकूम सोडतो. जमावापुढे घाशीराम आपले पाप स्वतःच्या तोंडाने बोलतो. नाना कधीच बोलत नाही. ऐतिहासिक नाना फडणवीसांविषयीचा वाद या नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे.

तेंडुलकरांच्याच गिधाडे या नाटकाचा (दिग्दर्शक श्रीराम लागू, 1970) उल्लेख अशा चर्चेत नेहमी होतो. त्याची सेन्सॉरशी झालेली झुंज चांगली नोंदलेली आहे. माणिकच्या गर्भपातानंतर तिच्या साडीवर दिसणारा लाल डाग सेन्सॉरला खटकला आणि तो निळा करावा लागला. प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना तो लाल समजावा असे सांगितले जाई, अशी आठवण सांगतात. बापाला आणि बहिणीला ओरबाडणारे रमाकांत व उमाकांत मात्र निकषात बसत नाहीत. त्या घरात दुसऱ्या तऱ्हेने जगणारी रमा आहे, पण तिचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोचल्याचे नाटक कोठेच दाखवत नाही. ते अजमावले न गेलेले दुष्ट आहेत.

आक्षेप : पात्राला इच्छास्वातंत्र्य नसते, लेखक लिहील तसे ते वागते, तेव्हा त्याने नाकारले ही भाषाच फोल आहे, असे म्हणता येते. पण हाच युक्तिवाद नायकाच्या धैर्यालाही लागू होतो आणि तेथे कोणी तो करत नाही. जन्मजात दुष्ट राक्षस, भुते व सैतानी शक्ती यांचे काय, हा दुसरा आक्षेप. ज्यांना दुसरे काही होताच येत नाही त्यांना आपत्ती म्हणावे. कथेत त्यांचे स्थान पूर किंवा साथ यांच्याजवळचे आहे. तिसरा आक्षेप काळाचा. शिवाजी सावंतांच्या मृत्युंजय (1967) व रणजित देसाईंच्या राधेय (1973) यांनंतर कर्णाकडे पाहण्याची मराठी वाचकाची दृष्टी बदलली. मात्र त्यामुळे मूळ द्यूतसभेतले कर्णाचे शब्द पुसले जात नाहीत. नव्या कादंबरीने नवा कर्ण दिला, एवढेच.

चित्रपट : शोले (1975) मधील गब्बरसिंगला भूतकाळ नाही. सेन्सॉरमुळे शेवट बदलून त्याला ठाकूरच्या हातून मरण्याऐवजी पोलिसांच्या स्वाधीन व्हावे लागले. त्याने पात्रात फरक पडत नाही. निळू फुले यांच्या पाटलांचा विचार पटकथांच्या अभ्यासाशिवाय करता येणार नाही.

दूरचित्रवाणी मालिका : कथानक संपत नसल्याने खलनायिकांविषयी निर्णय देता येत नाही.