मण्यांवर मोजलेला श्वास

आम्ही उमापूरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

मागच्या वर्षी आमच्यातल्या एकीची लेक नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर टाकून घरी आली. पोर बारावीपर्यंत मराठीत शिकलेली, आणि तिथं पुस्तकं सगळी इंग्रजीत. "माझं डोकंच चालत नाही," म्हणायची. आम्हीही तिलाच बोल लावला. मग गडचिरोलीची गोष्ट आमच्या वाचण्यात आली.

१९८६ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथं 'सर्च' ही संस्था सुरू केली. न्यूमोनियानं लहान लेकरं दगावत होती. गावची सुईण घरापाशी होती, पण आजार ओळखायचा कसा? दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० झाले, त्याहून मोठ्या बाळाचे ५० झाले, की धोका. सुईणींना तर १२ पर्यंतच मोजता येई.

डॉक्टरांनी सुईणी बदलल्या नाहीत, साधन बदललं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी. १० श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळाच्या ओळीत सहा मणी, मोठ्याच्या ओळीत पाच, शेवटचा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया.

पुढं १९९५ पासून गावातल्याच आरोग्यदूत बायांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले.

आता नर्सिंगच्या मुलींसाठी मोबाइलवर, संगणकावर धडे आलेत. उत्तर चुकलं की तोच भाग पुन्हा समोर येतो, जमलं की पुढचा. चांगलंच आहे. पण पोरीला विषय कळला नाही, की प्रश्नाची इंग्रजीच कळली नाही? हे त्या धड्याला ओळखता यायला हवं. नाहीतर तोच प्रश्न दहादा येईल आणि पोर दहादा रडेल.

आम्ही त्या लेकीला एवढंच विचारलं, "नेमकं कुठं अडतं?" ती म्हणाली, "शब्दांत." मग तिनं वही केली, इंग्रजी शब्द आणि शेजारी मराठी अर्थ. गटातल्या आशाताईंनी रोज तासभर मदत केली. आता ती पुन्हा शिकायला गेलीय.

तुमच्या गटात अशी कुणी परत आलेली लेक असेल, तर तिला हाच प्रश्न विचारा.