गोधडी पूर्ण करताना : मुक्त टीप आणि तिचे सोपे पर्याय

गोधडीला तीन थर असतात : वरचे जोडकापड, मधला भराव आणि खालचे अस्तर. ठिगळे जोडून वरचा भाग सुरेख झाला, तरी काम निम्मेच झालेले असते. तिन्ही थर एकत्र धरणारी शिवण नसेल, तर धुण्यात भराव सरकतो, त्याचे गोळे होतात आणि आजीच्या लुगड्यांतून हौसेने केलेले जोडकाम वाया जाते.

मुक्त टीप

यालाच ‘फ्री मोशन क्विल्टिंग’ म्हणतात. एरवी शिलाई यंत्राचे दाते कापड पुढे सरकवतात. येथे ते दाते खाली घेतात किंवा झाकतात, डार्निंग फूट बसवतात आणि कापड दोन्ही हातांनी हवे तसे फिरवतात. टाक्याची लांबी यंत्र ठरवत नाही. ती सुईचा वेग आणि हाताची गती यांच्या मेळातून ठरते. हात घाईने फिरला की टाके लांबतात, रेंगाळला की दाटतात. वळणावर कापड झटक्याने ओढल्यास अस्तराकडे दोऱ्याचे फास दिसू लागतात.

म्हणून आरंभ थेट गोधडीवर करू नये. सुमारे 30 सेंटीमीटरच्या चौरस तुकड्यांत भराव घालून त्यांवर सराव करावा. त्याआधी पेन्सिल न उचलता कागदावर नागमोडी रेषा काढल्यास हाताला वळण लागते. शिवताना बॉबिनचा दोरा प्रथम वर ओढून घ्यावा आणि दोन-तीन बारीक टाक्यांनी पक्का करावा. प्रत्यक्ष गोधडीचे थर तळहाताएवढ्या अंतरावर सेफ्टी पिनांनी टाचावेत व शिवण मध्यापासून काठाकडे न्यावी.

सोपे पर्याय

पहिला पर्याय सरळ टिपांचा. वॉकिंग फूट वरचे व खालचे कापड सारखेच पुढे नेतो, त्यामुळे चुण्या कमी पडतात. दुसरा गाठींचा : ठराविक अंतरावर जाड दोरा तिन्ही थरांतून ओवून वर घट्ट गाठ मारावी. तिसरा आपल्या परंपरेतला, हाताचा धावदोरा. कडेसाठी अस्तर चारही बाजूंनी सुमारे पाच सेंटीमीटर अधिक ठेवावे आणि दोनदा दुमडून पुढच्या बाजूस शिवावे. वेगळी पट्टी लागत नाही.

धावदोऱ्याचे बळ पाहायचे तर गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात पाहावे. हल्याळ, यल्लापूर परिसरातील सिद्दी स्त्रिया जुन्या साडीवर ठिगळे ठेवून ‘कवंद’ शिवतात. पोर्तुगीज काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे अनेक वंशज या समाजात आहेत. त्यांची शिवण काठापासून सुरू होते आणि फेऱ्याफेऱ्यांनी मध्याशी पोहोचते. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ बसतात. या कामाला सुई-दोरा पुरतो.

मुक्त टीप सरावाने येतेच. तोवर अर्धी राहिलेली गोधडी ट्रंकेत ठेवण्यापेक्षा साध्या धावदोऱ्याने पुरी करून अंगावर घ्यावी.